कपडे सांभाळणारा

उज्जैनला रामघाटावर माझं काम ठरलेलं होतं. बाकीचे चौघं मित्र पाण्यात उतरायचे आणि मी पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. सातवीपासून हेच. कोणी विचारलं तर मी सांगायचो, सर्दी आहे. बारा महिने सर्दी असलेला मुलगा म्हणून शाळेत माझी बऱ्यापैकी ओळख होती.

नुसतं बसून बोअर व्हायचं. मग मी एकेकाचा शर्ट माझ्या शर्टावरून चढवायचो आणि ज्याचा शर्ट त्याची नक्कल करायचो. एकाची पोट पुढे काढून चालायची सवय, एकाचं दर दोन मिनिटांनी केस मागे करणं, एकाचं घाबरल्यावर उगाच हसणं. पाण्यातले हसता हसता पाणी प्यायचे. पुढे गणेशोत्सवात स्टेजवर चढलो, मग लोकांच्या लग्नात माइक हातात आला. लोक विचारतात, मिमिक्री कुठे शिकलास. मी सांगतो, गॉड गिफ्ट आहे. खरं कारण एवढंच की मला माझा स्वतःचा शर्ट काढायचा नव्हता.

शर्टाखाली कोड होतं. अकराव्या वर्षी कमरेवर एक पांढरा ठिपका आला तेव्हा आईला वाटलं, जंत झालेत. जंताचं औषध दिलं. ठिपक्याला औषध मानवलं असावं, तो रुपयाएवढा झाला आणि पाठीवर त्याची भावंडं आली. मग डॉक्टर, मग वैद्य, मग कोणाच्या तरी मावशीने सांगितलेलं काळं तेल. ते लावून गच्चीवर उन्हात उघडं बसायचं. गच्चीच्या दाराला आतून कडी. शेजारच्या काकू आपल्या गच्चीत पापड घालायला आल्या की मी पाण्याच्या टाकीमागे.

घरात त्याला नाव नव्हतं. आई "ते" म्हणायची. "ते वाढलंय का बघू." बाबा तेवढंही म्हणत नसत, ते फक्त विचारायचे, "दही खाल्लंस का?" आंबट बंद करायला कोणीतरी सांगितलं होतं. पोह्यावर लिंबू न पिळणारा उज्जैनमध्ये मी एकटाच असेन. पंधराव्या वर्षी मी तेल बंद केलं, आणि त्याबरोबर आईचं माझी पाठ बघणंही बंद झालं. चेहरा साफ, हात साफ. "कपड्यात आहे तोवर कोणाला काय करायचंय," हे आईचं धोरण होतं आणि मला ते सोयीचं होतं. बाथरूममध्ये आरसा नव्हता. मी कधी मागितलाही नाही.

तसं या गावात नागडं माणूस ही बातमी नाही. साधू राख फासून बाजारातून जातात आणि दुकानदार गिऱ्हाइकाशी घासाघीस थांबवत नाही. घाटावर म्हातारे पंचे नेसून पेन्शनच्या गप्पा मारतात. एवढ्या उघड्या गावात मी फुल बाह्यांचा शर्ट घालून मोठा झालो.

सत्ताविसावं लागलं तेव्हा आईने माझा बायोडाटा करायला घेतला. नानाखेड्याला ऑफिसात नोकरी होती, शनिवार-रविवारी लग्नात अँकरिंग, म्हणजे मुलगा बाजारात न्यायला तयार होता. आईने सगळं आधी हाताने लिहिलं. उंची, शिक्षण, गोत्र, नाडी. वर्णापुढे तिने "गव्हाळ" लिहिलं.

मी म्हटलं, "आई, मिश्र लिही."

ती हसली नाही. पेन ठेवून गॅसकडे गेली आणि बंद असलेला गॅस परत एकदा बंद केला. माझा जोक त्याआधी कधी एवढा फ्लॉप गेला नव्हता.

देवासचं एक स्थळ आलेलं होतं. त्यांना फोटो पाठवायचा होता. सांगायचं की नाही हा प्रश्न घरात कोणी काढला नाही, कारण ज्याला नाव नाही ते सांगणार कसं. पण मला रात्रंदिवस तोच दिसत होता. लग्नानंतर शर्ट तर काढावा लागेल ना. समोरच्या माणसाने मला बघावं असं वाटायच्या आधी मी स्वतःला बघितलेलं असावं, एवढं तर कोणालाही समजतं. मी सोळा वर्षांत बघितलं नव्हतं.

फ्रीगंजमध्ये टॉवर चौकातून आत वळलं की एक जुना स्टुडिओ आहे. मराठीच जोडपं चालवतं, मी त्यांना काका-काकू म्हणतो. काका फोटो काढतात, काकू बाहेरच्या काउंटरवर कॉम्प्युटरवर बसून फोटो साफ करतात. अर्ध्या शहराच्या सुनांची मुरुमं काकूंनी काढलेली आहेत. कोणाला खरं काय होतं ते काकूंना सगळं पाठ आहे आणि त्या कधी बोलत नाहीत. फक्त एखादीचं नाव निघालं की, "हनुवटी," एवढंच म्हणतात.

काकांनी माझे तीसेक फोटो काढले. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक मागे सरकवत बसले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"नाही. हा तुमच्या शाळेतला पीटीचा मास्तर. हा कोणी नेता आहे. आणि हा तर मीच आहे, चष्म्यावरून बघतोय. तुला मालूम पडलं का, तू माझी नक्कल करून राहिलास?"

मला खरंच मालूम पडलं नव्हतं. समोर माणूस आला की माझं अंग आपोआप त्याच्यासारखं होतं.

"मुलगी तुझ्याशी लग्न करणार का पीटीच्या मास्तराशी?" काका म्हणाले. "थांब, मेमरी कार्ड संपलं. दुसरं आणतो."

ते आतल्या खोलीत गेले, मी मागोमाग गेलो. तिथे पडद्यांच्या गुंडाळ्या उभ्या होत्या आणि त्यांच्या वर भिंतीवर एक काळा-पांढरा फोटो. एक माणूस स्टुलावर बसलेला. अंगावर काही नाही. गुडघे थोडे बाजूला, हात मांडीवर, छातीच्या मधोमध गळ्याखालून पोटापर्यंत शिवण. पायावरही एक लांब व्रण. माणूस सरळ बघत होता, कंटाळलेला वाटत होता. ते काका होते. स्टूल तेच, ज्यावर अख्खं फ्रीगंज पासपोर्ट फोटोला बसतं. मी पण आत्ताच बसून आलो होतो.

"बायपास," काका म्हणाले. "सहा महिने मी बनियन घालून अंघोळ केली. काकूला पण बघू देत नव्हतो. मग एक दिवस दुपारी शटर पाडलं, टायमर लावला आणि काढला. आता छातीकडे नजर गेली की हा फोटो आठवतो. ऑपरेशन नाही आठवत."

"काकूंनी बघितला?"

"प्रिंट तिनेच काढली. म्हणाली, पोट आत घ्यायला काय झालं होतं."

मी हसलो. मग, का माहीत नाही, त्यांना सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. तोंडातून तो शब्द निघताना परक्या भाषेतला वाटला. काकांनी मान हलवली, जसं मी त्यांना कॉलरचा साइज सांगितला.

"मंगळवारी दुपारी दुकान बंद असतं," ते म्हणाले. "यायचं तर ये. नाही आलास तरी बायोडाटाचा फोटो देतोच."

तो मंगळवार मी सोडला. पुढच्या मंगळवारी गेलो.

शटर अर्धं पाडलेलं, काकू घरी. आतल्या खोलीत काकांनी खिडकीवरचा पुठ्ठा काढला, एवढीच लाइट. म्हणाले, "कपडे काढून खुर्चीवर ठेव, मी पाच मिनिटं पाठ करून उभा राहतो." मी काढले. शर्टाची घडी केली, पँटची घडी केली, त्यावर बनियन, त्यावर पट्टा गोल करून. एवढी व्यवस्थित घडी मी घरी कधी केलेली नाही. मग स्टुलावर बसलो. स्टूल गार होतं.

काका वळले, थोडा वेळ कॅमेऱ्याशी खटपट केली. मग म्हणाले, "तू सारखा खुर्चीकडे का बघतोयस? कपडे कोणी नेत नाही."

सवय होती, दुसरं काय.

पहिली दहा मिनिटं मी माझ्या परीने काम चालवलं. आमच्या ऑफिसातल्या मॅनेजरला आणायचा प्रयत्न केला. पण मॅनेजरचं सगळं पात्र पँट वर ओढण्यात आहे, आणि पँट खुर्चीवर होती. नेता कुर्त्याशिवाय उभा राहीना. पीटीच्या मास्तराला शिट्टी आणि टोपी लागते. एकेक करून सगळे गेले. मला पहिल्यांदा समजलं की मी माणसांची नाही, त्यांच्या कपड्यांची नक्कल करत होतो. शेवटी माझ्याकडे कोणी उरलं नाही आणि मी नुसता बसून राहिलो. खांदे खाली आले. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो किक मारत होता. मी त्या किका ऐकत होतो. काकांनी तेवढ्यात काय ते काढलं.

"पाठ," ते म्हणाले.

पाठ करून बसलो. ते अवघड जाईल असं वाटलं होतं. पण मागचं मला दिसतच नव्हतं. जे काय होतं ते त्यांच्याकडे होतं.

शुक्रवारी काकूंनी पाकीट दिलं. डोळे स्क्रीनवरच. "पाठ छान आहे हो तुझी," त्या म्हणाल्या, "आणि ताठ बसत जा." मी लाल झालो आणि पाकीट शर्टात घालून निघालो. माधव नगरला घरी येऊन खोलीचं दार लावून उघडलं.

छान होती. खरंच छान. मानेपासून खाली एकसारखी गव्हाळ, खिडकीचा उजेड एका बाजूने, कण्याची रेघ. एकही डाग नव्हता.

इथे मी खोटं बोलणार नाही. मला आनंद झाला. पाच मिनिटं मला वाटलं की ते गेलं. काळं तेल अकरा वर्षं उशिरा का होईना लागू पडलं. मी शर्ट वर करून मोबाइलने कमरेचा फोटो काढून बघितला. होतं तिथेच होतं. मग समजलं. काकूंनी साफ केलं होतं.

तरी मी ती प्रिंट दोन दिवस ठेवली. वाईट वाटत नव्हतं, उलट सारखी काढून बघत होतो. दुसऱ्या दिवशी बघताना मला ओळखीचं काहीतरी दिसलं. स्टेजवर मी एखाद्याची नक्कल करतो तेव्हा ती हुबेहूब असते, टाळ्या पडतात, आणि ज्याची केली तो माणूस खाली बसून कसनुसा हसतो. मला पहिल्यांदा त्याच्या खुर्चीत बसवलं होतं. फोटोतला माणूस माझ्यापेक्षा चांगला मी होता. त्याला देवासला पाठवता आलं असतं. तो गेला असता, लग्न करून आला असता, आणि शर्ट काढायच्या वेळी परत मलाच बोलावलं असतं.

सोमवारी मी स्टुडिओत जाऊन प्रिंट काउंटरवर उलटी ठेवली. काकांनी ती सरळ केली, चष्मा वर केला, आणि काकूंकडे बघितलं.

"हे काय केलंस?"

"काय केलं?" काकू म्हणाल्या. "साफ केलं."

"साफ करायचं नव्हतं. त्यासाठीच काढला होता."

"मग सांगायचं नाही का? माझ्यासमोर फोटो येतो, मी करते. डाग तसेच ठेवले तर लोक म्हणतात काम अर्धवट केलं. एवढी वर्षं तेच केलं." मग माझ्याकडे वळून, "मला वाटलं लाइटचा घोळ झालाय रे. एवढे मोठे होते, मला वाटलं खिडकीचं ऊन पडलंय."

"ऊन नव्हतं काकू."

"आता कळलं मला."

"ओरिजिनल कुठेय?" काकांनी विचारलं.

काकूंनी माउस बाजूला सारला. त्यांनी सगळ्या फोटोंवर हात फिरवून त्यावरच सेव्ह केलं होतं, आणि कार्ड रविवारी एका मुंजीसाठी पुसून टाकलं होतं. म्हणजे माझी खरी पाठ जगात कुठेच नव्हती, माझ्या पाठीवर सोडून.

काका चिडले. ते चिडले की हळू बोलतात. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला बोलणं भाग होतं. मी काकूंच्या आवाजात काकांना म्हटलं, "पोट आत घ्यायला काय झालं होतं?" काकू हसल्या. काका हसले नाहीत, पण म्हणाले, "मंगळवारी ये. उद्याच."

दुसऱ्या वेळी मी घडी केली नाही. कपडे खुर्चीवर टाकले, बनियन खाली पडलं, पडू दिलं. अर्ध्या तासात झालं. काकांनी कार्ड काढून थेट काकूंसमोर ठेवलं. त्या दिवशी त्या आल्या होत्या, मुद्दाम.

मी कपडे घालून बाहेर आलो तर काकू दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनसमोर बसल्या होत्या. माउसला हात नाही.

"ह्या वेळी काही करू नका काकू."

"नाही करत. पण मग मी बसून करू काय?"

"बघा."

तिघांनी बघितलं. स्क्रीन मोठी होती आणि पाठ त्यात पूर्ण भरली होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होतं. उजव्या खांद्याखाली एक मोठा पट्टा, त्याला तीन फाटे, मग कण्यावर तुटक तुटक, आणि डाव्या कुल्ल्यावर तळहाताएवढा एक, जो मला माहीतच नव्हता. कधीपासून होता कोण जाणे. मी त्याच्यावर बसत होतो, उठत होतो, त्याच्यासकट लग्नात लोकांना नाचवत होतो.

काकूंनी बोट स्क्रीनजवळ नेलं, टेकवलं नाही. "ह्याची कड बघ," त्या म्हणाल्या. "आपल्या हाताने काढायची म्हटली तर जमणार नाही. मी दोन तास बसले होते ही मिटवायला." त्यांच्या आवाजात थोडी तक्रार होती. त्या दिवसापर्यंत मला कोणी एवढं बारकाईने बघितलेलं नव्हतं, काकूंनी तर दोनदा बघितलं होतं.

प्रिंट घेऊन मी घरी गेलो. आई मटार सोलत होती. मी तिच्यासमोर फोटो ठेवला. पाठमोरा, स्टुलावर, पूर्ण. तिने आधी पदराला हात पुसले, मग चष्मा आणला. मला वाटलं ती म्हणेल, हे काय नागडे फोटो. तिने ते म्हटलंच नाही. बराच वेळ बघत होती. मग खालच्या डागावर बोट ठेवलं.

"हे कधी झालं?"

"माहीत नाही."

"खांद्यावरचं एवढं नव्हतं. तिथे दोनच होते." तिला नकाशा पाठ होता, पंधराव्या वर्षापर्यंतचा. "मी बघायला पाहिजे होतं," ती म्हणाली. आणि मग लगेच, "तू बाहेर दही खातोस का रे?"

"खातो. लस्सी पितो. पोह्यावर लिंबू पण पिळतो."

"कधीपासून?"

"कॉलेजपासून."

तिने मटाराची एक शेंग उघडली आणि दाणे चुकून सालीच्या ढिगात टाकले. मी म्हटलं, "आई, बायोडाटात लिही. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि माझं अक्षर खराब आहे."

तिने दोन दिवस घेतले. मग स्वतःच्या हाताने, "इतर माहिती"च्या खाली लिहिलं: मुलाला पाठीवर कोड आहे. बाकी प्रकृती उत्तम. शब्द लिहिताना तिचा पेन थांबला असावा, "को"वर शाईचा ठिपका आहे. टाइप करताना तो गेला.

देवासचं उत्तर आठवड्याने आलं. पत्रिका जुळत नाही म्हणाले. आधी ती जुळली होती, चांगली जुळली होती, पण ग्रह फिरत असतात. आई दोन-तीन दिवस माझ्या खोलीच्या दारात येऊन काही ना काही विचारून जायची, पंखा चालतो का वगैरे. मला वाईट वाटलं. पण ते नकार मिळाल्याचं वाईट होतं, पकडला गेल्याचं नव्हतं. दोन्हीतला फरक मला बरोबर समजतो, सोळा वर्षांचा अनुभव आहे. पुढच्या महिन्यात इंदूरला एकाकडे बायोडाटा पाठवायचा होता. आईने कागद पाकिटात घालायच्या आधी मी बघितला. ती ओळ तिने काढली नव्हती.

त्या रविवारी आमचे चौघं घाटावर जमले. आता दोघांचे केस गेलेत, एक मुलीला घेऊन येतो. नेहमीप्रमाणे त्यांनी शर्ट काढून माझ्याकडे टाकले. मी ते पायरीवर ठेवले आणि माझा काढला. बनियन पण.

चौघंही बघत राहिले. पोट पुढे काढून चालणारा सगळ्यात आधी बोलला.

"भिया, फिर कपडे कौन संभालेगा?"

"तू," मी म्हटलं. "पंद्रह साल हो गये, अब तेरी बारी."

तो कुरकुरत बसला. मी पाण्यात उतरलो. पाणी अपेक्षेपेक्षा गार होतं आणि थोडा वास येत होता. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या उड्यांची कॉमेंट्री केली, पण मला स्वतःला पोहता येत नाही हे उतरल्यावर लक्षात आलं. मी घाटाला बांधलेली साखळी धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. मित्राची मुलगी काठावरून विचारत होती, "पापा, अंकल की पीठ पे क्या है?" तो म्हणाला, "दाग है." ती म्हणाली, "अच्छा," आणि पाण्यात खडे टाकायला लागली.

पायरीवर त्या जाड्याने माझा शर्ट स्वतःच्या अंगात कोंबला होता. बटणं लागत नव्हती. खांदे वर, मान आत, हात छातीशी गच्च धरून तो इकडून तिकडे चालत होता आणि म्हणत होता, "मुझे तो सर्दी है यार, मुझे तो सर्दी है." बाकीचे हसून राहिले होते. आजपर्यंत माझी नक्कल कोणी केली नव्हती.

बरीचशी बरोबर होती. मी साखळी न सोडता त्याला ओरडून सांगितलं, "कंधे नीचे कर. अब मैं ऐसे नहीं चलता."